पाणथरी काढलेल्या माणसाच्या पोटात गाठी दिसल्या, तर

सोलापूर जिल्ह्यातील एका वाचक भगिनीने पुढील पत्र पाठवले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून ते थोडक्यात देत आहे.

“माझे यजमान ५३ वर्षांचे असून शेती करतात. १९९७ मध्ये उसाची ट्रॉली उलटून त्यांच्या पोटाला जबर मार लागला होता आणि त्या रात्री ऑपरेशन करून पाणथरी काढावी लागली होती. त्यानंतर आजवर त्यांची तब्येत चांगली राहिली. गेल्या महिन्यात डाव्या कुशीत दुखू लागले म्हणून सोनोग्राफी केली. त्यात मुतखडा निघाला, पण त्याबरोबर डाव्या मूत्रपिंडाशेजारी आणि आतड्याच्या पडद्यावर पाच-सहा गाठीही दिसल्या. सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये या गाठी कॅन्सरच्या पसरलेल्या गाठी असू शकतात, मूळ गाठ कोठे आहे ते शोधावे, असे लिहिले आहे. पुढच्या आठवड्यात बायोप्सी ठरली आहे. नातेवाईक म्हणतात, गाठीला सुई लावली की कॅन्सर भडकतो, तेव्हा बायोप्सी करूच नका. यजमानांना आम्ही अजून फक्त मुतखडाच सांगितला आहे. हा कॅन्सरच असेल का? बायोप्सी करावी की करू नये? रिपोर्टची प्रत सोबत पाठवली आहे.”

ताई, तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य रिपोर्टविषयीचे नाही, तर तुम्ही जाता जाता लिहिलेले १९९७ च्या अपघाताचे आहे. तुम्ही पाठवलेल्या सीटी रिपोर्टमध्ये तपासणीचे कारण म्हणून ‘डाव्या कुशीत दुखणे’ एवढेच नोंदलेले असून, पुढे एका ओळीत ‘प्लीहा दिसत नाही’ असे म्हटले आहे. प्लीहा म्हणजे आपण जिला पाणथरी म्हणतो तीच. ती का दिसत नाही, कधी काढली, कशासाठी काढली, याचा एक शब्दही त्या कागदावर नाही. म्हणजे ज्या रेडिओलॉजिस्टने ते फोटो वाचले, त्याला अपघाताची गोष्ट बहुधा कोणी सांगितलेलीच नव्हती. पत्रावरून निदान करणे शक्य नाही आणि तसा प्रयत्न मी करणार नाही. तरीही एवढे ठामपणे सांगतो की, अपघातात पाणथरी फुटलेल्या माणसाच्या पोटात अनेक वर्षांनी गाठी दिसल्या, तर त्या कॅन्सरच्या मानण्याआधी त्या पाणथरीच्याच आहेत का, हे तपासून पाहिले पाहिजे. ते तपासण्याची खात्रीशीर पद्धत उपलब्ध आहे आणि तिच्यासाठी पोटात सुई घालावी लागत नाही.

या अवस्थेला वैद्यकात स्प्लेनोसिस म्हणतात. बुकबाइंडर आणि लिपकॉफ या दोन डॉक्टरांनी १९३९ मध्ये हे नाव रूढ केले. पाणथरी हा डाव्या बरगड्यांखाली, जठराच्या मागे असलेला साधारण १५० ग्रॅम वजनाचा, रक्ताने भरलेला मऊ अवयव असतो. पोटावर जोराचा आघात झाला की तो फुटतो आणि रक्ताबरोबर त्याच्या गराचे बारीक तुकडे पोटात सर्वत्र विखुरतात. शल्यचिकित्सक फुटलेली पाणथरी काढतो, साचलेले रक्त उपसतो, पोट धुऊन टाके घालतो. पण आतड्यांच्या घड्यांत, मूत्रपिंडाशेजारी किंवा ओटीपोटात अडकलेले कण त्याला दिसण्याजोगे नसतात, आणि रुग्णाचा जीव वाचवण्याच्या त्या घाईत ते शोधत बसणे योग्यही नसते. तुम्ही ऊस लावणाऱ्यांपैकी आहात, म्हणून त्यातलेच उदाहरण देतो. बेण्याचा तुकडा जिथे पडेल तिथे ओल मिळाली की डोळा फुटतो, त्यासाठी मूळ उसाची गरज उरत नाही. पाणथरीचे हे कण तसेच जिथे पडतात तिथल्या आवरणातून लहान रक्तवाहिन्या ओढून घेतात, रुजतात आणि हळूहळू वाढून गोलसर गाठीएवढे होतात. बहुतेक गाठी तीन सेंटिमीटरपेक्षा लहान असतात. त्यांची संख्या एखाददुसऱ्यापासून कधी शंभरापर्यंतही जाऊ शकते.

हे अगदी दुर्मीळ आहे असेही समजू नका. पाणथरी फुटलेल्या रुग्णांपैकी २६ ते ६७ टक्के लोकांमध्ये असे रोपण होत असावे, असे आकडे वैद्यकीय ग्रंथांत दिले जातात. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास नसल्यामुळे ते कोणाला कळत नाही आणि मग दुसऱ्याच एखाद्या कारणासाठी स्कॅन झाला की अचानक समोर येते. अपघात आणि गाठी दिसणे यांत काही महिन्यांपासून तीन दशकांपर्यंत अंतर पडलेले आढळते. इतक्या वर्षांपूर्वीचे दुखणे आजच्या गाठीशी जोडण्याचे रुग्णाच्या मनात येत नाही, आणि डॉक्टरने विचारले नाही तर ते सांगायचेही राहून जाते. अपघाताच्या वेळी श्वासपटलही फाटले असेल तर हेच कण छातीत जाऊन डाव्या फुप्फुसाच्या आवरणावर रुजतात आणि तिथे फुप्फुसाच्या कॅन्सरचा संशय येतो. क्वचित असे ऊतक यकृतात सापडते आणि यकृताच्या कॅन्सरसारखे दिसते. स्त्रियांमध्ये ओटीपोटातील अशा गाठी एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढणे) म्हणूनही वाचल्या गेल्या आहेत.

सीटी स्कॅनसारखे चांगले यंत्र असताना ही गल्लत का व्हावी, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर मी थोडे विस्ताराने देतो, कारण ते समजले की रेडिओलॉजिस्टने निष्काळजीपणा केला असे तुम्हांला वाटणार नाही. स्कॅनवर गाठीची घडण थेट दिसत नाही. ती किती दाट आहे, शिरेतून दिलेले औषध ती किती लवकर आणि किती शोषते, कधी सोडते, एवढेच दिसते. पाणथरीचे ऊतक रक्ताने समृद्ध असल्यामुळे औषध पोचताच ते झपाट्याने उजळते. रक्तपुरवठा जास्त असलेल्या अनेक कॅन्सरच्या गाठीही तसेच उजळतात. एमआरआयमध्ये पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणारी एक चित्रमालिका असते. तिच्यात दाट पेशींची गाठ लख्ख दिसते आणि तो कॅन्सरच्या बाजूचा इशारा मानला जातो, पण निरोगी पाणथरीही त्या चित्रांत नेमकी तशीच लख्ख दिसते. पोटात मूळ पाणथरी असेल, तर अनुभवी डोळा शेजारच्या गाठीची तिच्याशी तुलना करून ‘ही तिच्याच जातीची आहे’ असे ओळखू शकतो. तुमच्या यजमानांच्या पोटात तुलनेसाठी ती पाणथरीच शिल्लक नाही. मोजपट्टी हरवली आणि अपघाताची कथाही कोणी सांगितली नाही, अशा स्थितीत पोटात विखुरलेल्या पाच-सहा गाठी पाहून कोणत्याही सावध रेडिओलॉजिस्टने कॅन्सरची शक्यता लिहिली असती; ती न लिहिणे हीच चूक ठरली असती.

याच्याशी जवळचे पण वेगळे असे आणखी एक रूप आहे आणि रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख आला तर गोंधळ होऊ नये म्हणून ते सांगून ठेवतो. काही माणसांना जन्मतःच मुख्य पाणथरीशेजारी एखादी लहान जोड-पाणथरी असते. शवविच्छेदनांच्या अभ्यासांत साधारण १० ते ३० टक्के लोकांत ती आढळते. गर्भावस्थेत पाणथरीचे अनेक छोटे कोंब एकत्र येऊन एक अवयव बनतो, त्यांतला एखादा सुटा राहिला की जोड-पाणथरी होते. तिला स्वतःचे आवरण असते आणि रक्त पाणथरीच्याच धमनीच्या शाखेतून मिळते, तर अपघातानंतर रुजलेल्या गाठींना अशी ठरावीक धमनी नसते. जोड-पाणथरी बहुतेक वेळा मुख्य पाणथरीच्या मुखाजवळच असते, पण कधी ती स्वादुपिंडाच्या शेपटाकडच्या टोकात दडलेली असते आणि तिथे ती स्वादुपिंडाच्या न्यूरोएंडोक्राइन गाठीसारखी, म्हणजे संप्रेरके बनवणाऱ्या पेशींपासून झालेल्या गाठीसारखी दिसते. त्या गाठी शोधण्यासाठी जो डोटा पेट स्कॅन (शिरेतून किरणोत्सर्गी द्रव्य देऊन काढलेली चित्रे) केला जातो, त्यात पाणथरीचे ऊतक मुळातच ठळक उजळत असल्यामुळे शंका फिटण्याऐवजी उलट पक्की होते आणि निरुपद्रवी गाठीसाठी स्वादुपिंडाचा भाग कापला जाण्याची वेळ येते. म्हणून कोणी ‘डोटा स्कॅन करून टाकू’ असे सुचवले, तर त्या स्कॅनमध्ये उजळलेली गाठ पाणथरीची नाही हे कशावरून ठरवणार, असे नम्रपणे विचारावे. नेहमीचा साखरेवर आधारलेला पेट स्कॅनही येथे निकाल देत नाही. पाणथरीचे ऊतक त्यात बहुधा फिकेच राहते, पण काही कॅन्सरही फिके राहतात.

आता तपासणीकडे वळू. पहिली पायरी तुमच्या तालुक्याच्या गावीही होण्यासारखी आहे. पाणथरीचे एक काम म्हणजे तिच्यातून जाणाऱ्या तांबड्या पेशींची छाननी करणे. तयार होताना काही तांबड्या पेशींमध्ये केंद्रकाचा बारीक ठिपका राहून जातो, त्याला हॉवेल-जॉली कण म्हणतात, आणि पाणथरी तो ठिपका अलगद काढून टाकते. पाणथरी पूर्णपणे गेलेल्या माणसाच्या रक्तात हे ठिपके कायम दिसत राहतात. पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वी पाणथरी काढलेल्या माणसाच्या रक्तात ते दिसत नसतील, तर शरीरात कोठेतरी पाणथरीचे ऊतक आहे आणि ते काम करत आहे, असा अर्थ निघतो. ही तपासणी म्हणजे पेरिफेरल स्मिअर, रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. मात्र यंत्रावर काढलेल्या साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, हे कळत नाही. ‘पाणथरी १९९७ मध्ये काढली आहे, हॉवेल-जॉली कण आहेत का ते स्वतः पाहून लिहावे’ अशी चिठ्ठी पॅथॉलॉजिस्टला द्यावी लागते. येथे एक मर्यादा लक्षात ठेवा. ठिपके दिसले म्हणून गाठी पाणथरीच्या नाहीतच असे सिद्ध होत नाही, कारण ऊतक अगदी थोडे असेल तर छाननी अपुरी पडते. आणि ठिपके दिसले नाहीत तरी पोटातील प्रत्येक गाठ पाणथरीचीच आहे असेही त्यावरून म्हणता येत नाही. ही तपासणी दिशा दाखवते, निकाल देत नाही.

निकाल देणारी तपासणी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात होते. तिचे तत्त्व मला नेहमीच फार सुंदर वाटत आले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पाणथरी म्हाताऱ्या आणि बिघडलेल्या तांबड्या पेशी रक्तातून वेचून काढते. तर मग तिच्यापुढे मुद्दाम बिघडवलेल्या पेशी ठेवायच्या आणि त्या कोण वेचते ते पाहायचे. रुग्णाचे थोडे रक्त काढतात, त्यातल्या तांबड्या पेशींना टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सर्गी द्रव्याची खूण लावतात, त्या पेशी सुमारे ४९.५ अंश सेल्सिअसला पंधरा-एक मिनिटे तापवतात आणि पुन्हा त्याच रुग्णाच्या शिरेत सोडतात. उष्णतेने कडक झालेल्या या पेशी पाणथरीचे ऊतक जिथे असेल तिथे अडकतात. काही वेळाने गॅमा कॅमेऱ्याखाली फोटो काढले की त्या जागा उजळून दिसतात, आणि स्पेक्ट-सीटी नावाच्या जोडचित्रावरून उजळलेली जागा म्हणजे सीटीवर दिसलेली तीच गाठ आहे का, हेही ताडून पाहता येते. कॅन्सरच्या गाठी या पेशी अशा वेचत नाहीत. म्हणून तुमच्या यजमानांच्या रिपोर्टमधल्या गाठी एकेक करून या स्कॅनमध्ये उजळल्या, तर त्या पाणथरीच्या आहेत असे निदान सुईशिवाय करता येते.

पेशी तापवण्याची सोय प्रत्येक केंद्रात नसते. अशा वेळी सल्फर कोलॉइड स्कॅन सुचवला जाईल. तो जास्त ठिकाणी होतो. तो उपयोगी आहे, पण त्यातले द्रव्य मुख्यतः यकृत ओढून घेते आणि पाणथरीच्या वाट्याला थोडेच येते, त्यामुळे लहान गाठी किंवा यकृताला लागून असलेल्या गाठी त्यात हरवू शकतात. सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ तर कोणत्याही गॅमा कॅमेऱ्यातून निसटू शकते. मुंबई, पुणे, नागपूर येथील मोठ्या रुग्णालयांच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागांत आधी दूरध्वनीने चौकशी करा आणि ‘तापवलेल्या तांबड्या पेशींचा पाणथरीचा स्कॅन तुमच्याकडे होतो का’ एवढे स्पष्ट विचारूनच गाडीत बसा, म्हणजे एक खेप वाया जाणार नाही. ‘न्यूक्लिअर’ या शब्दाने घरचे धास्तावतील, तर त्यांना सांगा की टेक्नेशियमचा प्रभाव दर सहा तासांनी निम्मा होत जातो, आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर मुंबईत परळला १९६३ पासून अशा द्रव्यांच्या साहाय्याने रुग्णांची तपासणी करत आलेले आहे.

आता बायोप्सीविषयी. सुई लावली की कॅन्सर भडकतो, ही तुमच्या नातेवाइकांची समजूत मला मान्य नाही आणि तिच्या आधारे तुम्ही निर्णय घेऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. काही मोजक्या प्रकारच्या गाठींत डॉक्टर सुईचा मार्ग फार विचारपूर्वक निवडतात हे खरे. पण बहुसंख्य कॅन्सरांत बायोप्सीमुळे आजार पसरत नाही, आणि तिच्याशिवाय योग्य उपचार ठरवताच येत नाहीत. या एका समजुतीपायी बायोप्सी टाळत बसलेले आणि उपचाराची वेळ निघून गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत. तुमच्या यजमानांच्या बाबतीत मी थोडे थांबायला सांगतो आहे ते निराळ्या कारणाने. पाणथरीचे ऊतक रक्ताने भरलेले असल्यामुळे तिथे सुई घातली की रक्तस्राव होण्याचा धोका असतो. शिवाय बारीक सुईने निघालेल्या नमुन्यात लिम्फोसाइट पेशींचा भरणा दिसतो आणि पॅथॉलॉजिस्टला पाणथरीची कल्पना नसेल तर तो नमुना लसिकाग्रंथीचा, अगदी लिम्फोमाचा (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचा) संशय म्हणूनही वाचला जाऊ शकतो. म्हणजे एका संशयाच्या जागी दुसरा संशय हाती येतो. स्कॅननंतरही बायोप्सीची गरज पडलीच, तर अपघाताची माहिती पॅथॉलॉजिस्टपर्यंत पोचवा. सीडी-८ नावाच्या विशेष रंजनाने पाणथरीच्या शिरांच्या अस्तरातल्या पेशी ओळखता येतात आणि नमुना कोठला आहे हे ठरते. तेव्हा बायोप्सी रद्द करू नका. आधी स्मिअर आणि स्कॅन करून घेण्यासाठी ती आठ-दहा दिवस पुढे ढकलता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

त्याच वेळी, माझे हे उत्तर वाचून गाठी पाणथरीच्याच आहेत असे मनाशी धरून स्वस्थ बसू नका. पाणथरी काढलेल्या माणसाला कॅन्सर होत नाही असे मुळीच नाही. गेल्या काही महिन्यांत त्यांचे वजन कारण नसताना उतरले असेल, भूक गेली असेल, शौचातून रक्त पडत असेल, पोटात पाणी झाले असेल, किंवा त्यांना पूर्वी कोणताही कॅन्सर झालेला असेल, तर हे सर्व डॉक्टरांना आजच सांगा. तसे काही असेल तर स्कॅनसाठी थांबून वेळ दवडणे योग्य होणार नाही, दोन्ही तपासण्या बरोबरीने चालल्या पाहिजेत. स्कॅनमध्ये सहापैकी पाच गाठी उजळल्या आणि एक उजळली नाही, तर ‘बाकीच्या पाणथरीच्या आहेत, तेव्हा हीही असेल’ असे म्हणून ती सोडून देऊ नये. ती केवळ आकाराने लहान म्हणून निसटली की खरोखरच वेगळी आहे, याचा तिच्यापुरता स्वतंत्र विचार व्हायला हवा.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचे, ते सांगतो. १९९७ चे डिस्चार्ज कार्ड मिळाले तर उत्तम. ट्रंकेत, जुन्या जमिनीच्या कागदांत, सासूबाईंच्या पेटीत शोधा, कारण अशा कागदांची जागा बहुधा तीच असते. नाहीच मिळाले तर ज्या रुग्णालयात ऑपरेशन झाले तिथे अर्ज करून पाहा, पण इतक्या जुन्या नोंदी बहुतेक ठिकाणी ठेवलेल्या नसतात, तेव्हा त्यावर फार दिवस घालवू नका. पोटावरचा टाक्यांचा उभा व्रण आणि त्या रात्री सोबत असलेल्या माणसाची आठवण यांनाही मोल आहे. त्याहून मोलाची वस्तू म्हणजे मधल्या काळातील कोणतीही सोनोग्राफी किंवा स्कॅन. मुतखडा अनेकांना पुन्हा पुन्हा होतो. पूर्वी कधी फोटो काढले असतील आणि त्यात त्याच जागी, तेवढ्याच आकाराच्या गाठी दिसत असतील, तर वर्षानुवर्षे न बदललेली गाठ पसरलेल्या कॅन्सरची असण्याची शक्यता फारच कमी होते. जुन्या रिपोर्टात गाठींचा उल्लेख नसला तरी फिल्म किंवा सीडी घेऊन जा; शोधायचे काय हे आधी ठाऊक असले की जुन्या फोटोतही ते सापडते.

मग एका कोऱ्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहा : ‘१९९७ मध्ये ट्रॉलीच्या अपघातात पाणथरी फुटली, तातडीने ऑपरेशन करून काढली. रक्ताच्या कोणत्याही आजारासाठी काढलेली नाही.’ हा कागद तुमच्या डॉक्टरांना द्या आणि त्याची एक प्रत सीटी केलेल्या सेंटरमध्ये नेऊन, या माहितीच्या आधारे फोटो पुन्हा पाहून पुरवणी रिपोर्ट द्यावा अशी विनंती करा. अशी विनंती करण्याचा तुम्हांला पूर्ण हक्क आहे आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. डॉक्टरांशी बोलताना एखाद्या सदरात वाचले असे सांगण्यापेक्षा ‘या गाठी स्प्लेनोसिसच्या असू शकतील का, आणि बायोप्सीआधी ते पाहता येईल का’ असा प्रश्न थेट विचारा. माझा अनुभव असा की अपघाताचे वर्ष कानावर पडताच बहुतेक डॉक्टर स्वतःच पुढचा विचार सुरू करतात.

गाठी पाणथरीच्या निघाल्या तर करायचे काय, असे विचाराल, तर उत्तर अगदी थोडे आहे. त्यांना हात लावायचा नाही. त्या कॅन्सरच्या नाहीत आणि त्रास देत नसतील तर त्या काढण्यासाठी पोट उघडण्याचे कारण नाही. एखादी गाठ मूत्रवाहिनीवर किंवा आतड्यावर दाब देत असेल, पिळली जाऊन तीव्र दुखत असेल किंवा तिच्यातून रक्तस्राव होत असेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. ज्यांची पाणथरी अपघाताने नव्हे, तर प्लेटलेट घटवणाऱ्या किंवा तांबड्या पेशी मोडणाऱ्या आजारासाठी काढलेली असते, त्यांच्यात मागे राहिलेले ऊतक तो आजार परत आणू शकते, म्हणून त्यांचा मार्ग वेगळा असतो. तुमच्या यजमानांची कुशीतली कळ मात्र मुतखड्याचीही असू शकते, तेव्हा गाठींच्या धावपळीत मुतखड्याचा उपचार मागे पडू देऊ नका.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती सांगितल्याशिवाय मला हे उत्तर पुरे करता येणार नाही. कारण गाठींचा निकाल काहीही लागला तरी ती लागू आहेच. पाणथरी गेलेल्या माणसाला काही जंतूंपासून, विशेषतः न्यूमोकोकसपासून, आयुष्यभर जास्त धोका असतो, आणि ताप आल्यापासून काही तासांत तो संसर्ग जीवघेणा ठरू शकतो. पोटात पाणथरीचे ऊतक रुजले आहे म्हणजे हे संरक्षण परत मिळाले, असे गृहीत धरू नका. त्या विखुरलेल्या गाठींना मूळ पाणथरीसारखा भरघोस रक्तपुरवठा नसतो आणि त्यांच्यावर विसंबून राहता येत नाही. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी) या जंतूंविरुद्धच्या लसी आणि दरवर्षी फ्लूची लस त्यांना मिळाली पाहिजे. १९९७ मध्ये हे सांगायचे राहून गेले असेल तरी आता उशीर झालेला नाही. कोणत्या लसी कोणत्या क्रमाने घ्यायच्या ते फिजिशियनला विचारून या महिन्यातच सुरुवात करा. त्यांना १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, थंडी वाजून आली, तर सकाळपर्यंत वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयात न्या आणि दारातच ‘पाणथरी नाही’ असे सांगा. ताप येताच घ्यायचे प्रतिजैविक घरी ठेवावे का, हेही विचारून घ्या. अशा माणसात मलेरियाही जास्त गंभीर रूप घेतो, म्हणून मच्छरदाणीकडे दुर्लक्ष नको. आणि शेतावर कुत्रा चावला, तर आपल्याकडे लोक रेबीजच्या इंजेक्शनांपुरतीच काळजी करतात. पण कुत्र्याच्या लाळेतला एक जंतू पाणथरी नसलेल्या माणसात रक्तात पसरून प्राणघातक ठरू शकतो, म्हणून जखम किरकोळ वाटली तरी त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन पाणथरी नसल्याचे सांगायचे आणि प्रतिजैविक लागेल का ते विचारायचे.

राहता राहिला यजमानांना सांगण्याचा प्रश्न. तुम्ही त्यांच्यापासून रिपोर्ट लपवला तो मायेपोटी, हे मी जाणतो. पण ट्रॉली कशी उलटली, पोटात किती रक्त साचल्याचे डॉक्टर म्हणाले होते, त्यानंतर कधी स्कॅन झाला का, मधल्या काळात मोठा ताप येऊन ते कधी दवाखान्यात राहिले का, या प्रश्नांची सर्वांत चांगली उत्तरे त्यांच्याचकडे आहेत. त्यांना मुतखडाच ठाऊक असेल तर डॉक्टरांसमोर ते १९९७ चे नावही काढणार नाहीत. त्यांना सांगा की पोटात गाठी दिसल्या आहेत, त्या त्या जुन्या अपघातातल्याही असू शकतात, आणि ते ठरवायला तुमची मदत हवी आहे. बायोप्सीच्या तारखेआधी दोघे मिळून डॉक्टरांकडे जा आणि तो कागद त्यांनाच आपल्या हाताने देऊ द्या. स्मिअरचा आणि स्कॅनचा रिपोर्ट आला की त्याची प्रत मला अवश्य पाठवा.